पाळी गेल्यानंतरचा पीसीओएस

पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे १९२१ साली शार्ल आशार आणि जोसेफ तिएर या दोन फ्रेंच वैद्यांनी एक निबंध सादर केला. उतारवयातील ज्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर पुरुषांसारखे राठ केस उगवतात त्यांच्यापैकी काहींच्या रक्तातील साखरही वाढलेली असते, आणि या दोन गोष्टी एकाच देहात निव्वळ योगायोगाने एकत्र आलेल्या नसून त्यांच्या मुळाशी काही समान कारण असले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ हे त्यांनी त्या विकाराला दिलेले नाव आज आपल्या कानांना निष्ठुर वाटते, आणि ते तसे आहेही. परंतु त्यामागचे निरीक्षण इतके सूक्ष्म होते की त्याचा उलगडा होण्यास वैद्यकशास्त्राला पुढे साठ वर्षे लागली. त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांचे इन्शुलिनवरचे प्रयोग चालले होते. पण साखर आणि दाढी यांना जोडणारा दुवा हेच इन्शुलिन आहे, हे तेव्हा पॅरिसलाही ठाऊक नव्हते आणि टोरांटोलाही.

पुढे चौदा वर्षांनी शिकागो येथील आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल या शस्त्रवैद्यांनी सात तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. महिनोन्‌महिने पाळी न येणे, मूल न होणे, अंगावर नको तेथे केस येणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या, आणि पोट उघडून पाहिले असता त्यांचे बीजांडकोश नेहमीपेक्षा मोठे, जाड कवचाचे आणि बारीक बारीक पुटकांनी गच्च भरलेले आढळले. त्या कोशांतून पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. हे यश इतके डोळ्यांत भरणारे होते की तेव्हापासून हा विकार सर्वस्वी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखत्यारीत गेला. त्याचा विचार व्हायचा तो तरुण स्त्रीचा, तिच्या पाळीचा आणि तिच्या कुशीचा. मूल झाले की निम्मे काम झाले, आणि पाळी गेली की मग ते सारे प्रकरण दप्तरदाखल. आशार आणि तिएर यांनी पाहिलेली म्हातारी स्त्री या कारभारात कोठेच उरली नाही.

आज ज्याला पीसीओएस किंवा लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावाने पीसीओडी म्हणतात तो हा विकार आयुष्यभराचा आहे, पाळी थांबल्याने तो संपत नाही, आणि एखाद्या साठीच्या बाईच्या मधुमेहाची किंवा रक्तदाबाची खरी कैफियत पुष्कळदा तिच्या विशीतल्या पाळीच्या इतिहासापासून सुरू होते, हे येथे मला आग्रहाने मांडावयाचे आहे. तो इतिहास विचारणारा कोणी नसतो आणि सांगण्यासारखा आहे असे तिला स्वतःलाही वाटत नाही, ही यातली मोठी दुःखाची गोष्ट आहे.

बीजांडकोशातील पुटके हे या विकाराचे दृश्य रूप होय. त्याची मुळे शरीराच्या एकंदर चयापचयात पसरलेली असतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंच्या पेशींत शिरावी यासाठी स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. पण पीसीओएस असलेल्या पुष्कळशा स्त्रियांच्या पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलताना आपोआप आवाज चढवावा लागतो त्याप्रमाणे स्वादुपिंडाला इन्शुलिनचे प्रमाण वाढवीत न्यावे लागते. आता गंमत अशी नव्हे तर विपत्ती अशी की, स्नायू जरी या वाढलेल्या इन्शुलिनला दाद देत नसले तरी बीजांडकोश देतात. तेथील पेशी त्याच्या चेतावणीने टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके अधिक बनवू लागतात. यकृतात त्याच वेळी या संप्रेरकांना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची निपज घटते, आणि मोकळे सुटलेले टेस्टोस्टेरॉन हनुवटीवर केस उगवविते, डोक्यावरचे विरळ करते, बीज पक्व होऊन फुटण्यात व्यत्यय आणते. वाढलेले इन्शुलिन आणि वाढलेली पुरुषी संप्रेरके या दोहोंचे प्रमाण एकमेकांशी जुळते, हे १९८० साली प्रथम दाखविले गेले, आणि त्या दशकाच्या अखेरीस अँड्रिया डुनाइफ या अमेरिकन संशोधिकेने हेही सिद्ध केले की पेशींचा हा प्रतिरोध केवळ लठ्ठपणामुळे येत नाही. सडपातळ स्त्रीतही तो असू शकतो, आणि लठ्ठपणा आला की दुणावतो.

आता पाळी जाण्याच्या सुमारास काय घडते ते पाहू. पस्तिशी-चाळिशी ओलांडल्यावर बीजांडकोशातील पुटकांचा साठा निसर्गतःच कमी होत जातो, आणि ज्या स्त्रीला जन्मभर पुटकांचा अतिरेक होता तिच्या बाबतीत ही घट काही काळ तिच्या पथ्यावरच पडते. नेदरलँड्समधील अभ्यासकांनी दाखविल्याप्रमाणे पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या पाळ्या वय वाढेल तशा अधिकाधिक नियमित होऊ लागतात. तीन-तीन महिने वाट पाहावयाला लावणारी पाळी चाळिशीत वेळच्या वेळी येऊ लागली की त्या स्त्रीला वाटते, आपले दुखणे गेले. वैद्यालाही तसेच वाटते. अशा स्त्रियांची रजोनिवृत्ती इतरांहून उशिरा होते असेही आढळले असून स्वीडनमधील एका दीर्घ पाहणीत हे अंतर सुमारे चार वर्षांचे भरले. मग पाळी थांबते. आणि निदानाच्या साऱ्या कसोट्या, मग त्या १९९० साली अमेरिकेत ठरलेल्या असोत की २००३ साली रॉटरडॅमच्या परिषदेत मान्य झालेल्या असोत, पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील पुटके या तीन किंवा त्यांपैकी काही खांबांवर उभ्या असल्यामुळे त्यांतील दोन खांब एकदमच ढासळतात. पाळीच नाही तर तिची अनियमितता कोठून मोजणार, आणि आकसलेल्या कोशात पुटके कोठून शोधणार?

परंतु इन्शुलिनचा प्रतिरोध पाळीबरोबर जात नाही. पुरुषी संप्रेरकेही एकाएकी जात नाहीत, कारण रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशातून इस्ट्रोजेनचा स्राव जवळजवळ बंद पडला तरी टेस्टोस्टेरॉनचा बराच काळ चालू राहतो. उलट इस्ट्रोजेनचे संरक्षण ओसरताच कोणत्याही स्त्रीच्या देहात जे बदल घडतात, म्हणजे मेद कमरेखालून पोटाकडे सरकणे, रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढणे, धमन्या ताठर होणे, तेच बदल या स्त्रीच्या देहात आधीपासून साचत आलेल्या दोषांवर येऊन पडतात.

आमच्याकडील कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेहाच्या रांगेत बसलेल्या अठ्ठावन्न-साठ वर्षांच्या बाईचा केसपेपर पाहावा. नाव, वय, वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर हे सारे त्यावर असते. पाळीच्या रकान्यात मात्र ‘गेली’ एवढ्या अर्थाचा एखादा शब्द असतो आणि तेथेच त्या रकान्याचे काम संपते. ही बाई विशीत असताना, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, तालुक्याच्या गावी सोनोग्राफीचे यंत्र सहसा नव्हते, आणि पाळी चार महिन्यांनी येते म्हणून सासूने एखादा काढा दिला असेल किंवा डॉक्टरांनी पाळी येण्याच्या गोळ्या दिल्या असतील, याउपर कोणी त्याचा माग घेतला नव्हता. जरा निवांतपणे विचारले तर ती सांगते. लग्नानंतर सहा वर्षे दिवस राहिले नव्हते. बीज फुटण्याच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात साखर वाढली होती, मग बाळंतपणानंतर ती आपोआप उतरली आणि पुन्हा कोणी तपासली नाही. मानेच्या मागे, मंगळसूत्र रुळते त्या जागी, कातडीवर एक काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा असतो. तो मंगळसूत्र घासून आला आहे अशी तिची समजूत असते, आणि डाळीचे पीठ आणि लिंबू लावून तिने तो वर्षानुवर्षे घासलेला असतो. तो पट्टा वाढलेल्या इन्शुलिनने कातडीवर उमटविलेला असतो आणि घासून तो जाणार नसतो. त्या एका पट्ट्यात तिच्या चाळीस वर्षांच्या आजाराची नोंद उघड्या डोळ्यांना दिसावी अशी लिहिलेली आहे, वाचणारा हवा.

या विकाराचे उतारवयात नेमके काय होते याविषयीचा सर्वांत बोधप्रद वृत्तांत मला स्वीडनमधील गोटेबर्ग या बंदराच्या शहरातून मिळालेला वाटतो. तेथे १९५६ ते १९६५ या काळात ज्या स्त्रियांच्या बीजांडकोशांवर स्टाइन-लेव्हेंथाल पद्धतीची शस्त्रक्रिया झाली होती त्यांचा शोध पुढच्या पिढीतील वैद्यांनी घेतला. कापून काढलेल्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी दप्तरात जतन केलेली असल्यामुळे निदानाविषयी शंका राहण्याचे कारण नव्हते. १९९२ साली या पाहणीचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्या स्त्रिया चाळिशी-पन्नाशीत होत्या. त्यांच्यापैकी १५ टक्के जणींना मधुमेह झाला होता, समवयस्क इतर स्त्रियांत हे प्रमाण २.३ टक्के होते. रक्तदाबावर उपचार घेणाऱ्या ३९ टक्के होत्या, इतरांत ११ टक्के. या आकड्यांवरून अभ्यासकांनी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका गणिताने काढला तो सातपटीहून अधिक भरला, आणि हे सातपटीचे भाकीत पुढे जगभरच्या व्याख्यानांतून आणि पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले.

भाकीत वर्तविणे सोपे असते. त्याची रुजवात करण्यासाठी तितकाच काळ थांबणे अवघड. गोटेबर्गच्या वैद्यांनी ते केले. एकवीस वर्षांच्या अंतराने त्यांनी त्याच स्त्रियांना पुन्हा बोलाविले. आता त्या ६१ ते ७९ वर्षांच्या झाल्या होत्या. तपासणीला पंचवीस जणी आल्या आणि त्यांच्या तुलनेसाठी अडुसष्ट जणी. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. रक्तदाब पीसीओएस असलेल्या स्त्रियांत अजूनही अधिक होता, रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी अधिक होती, मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे मान सत्तरीतही चढलेले होते आणि अंगावरच्या केसांची तक्रारही कायम होती. म्हणजे विकार जिवंत होता. परंतु हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, कर्करोग आणि मृत्यू यांच्या प्रमाणात दोन गटांत फरक आढळला नाही. मधुमेहाच्या बाबतीतही नाही.

याचा अर्थ कसा लावावा? कोणी म्हणेल, मग एवढा बाऊ कशाला. आणि कोणी म्हणेल, पंचवीस बायकांवरून काय ठरते. माझ्या मते दोन्ही उत्तरे उतावळी आहेत. पंचवीस ही संख्या झटक्यासारख्या तुलनेने विरळ घटनेचा निवाडा देण्यास अपुरी आहे हे खरेच. पण त्या निष्कर्षातील मर्म निराळे आहे. रजोनिवृत्तीनंतर इतर स्त्रियांचे पोटही वाढते, त्यांचा रक्तदाबही चढतो, त्यांनाही मधुमेह गाठतो. पीसीओएस असलेली स्त्री या वाटेला वीस-पंचवीस वर्षे आधी लागलेली असते, आणि साठीत त्या दोघी पुष्कळदा एकाच ठिकाणी भेटतात. मागून आलेलीने पहिलीला गाठले म्हणून पहिलीचा धोका कमी झाला असे होत नाही; तिच्या रक्तवाहिन्यांनी चढती साखर आणि चढता दाब अधिक वर्षे सोसलेला असतो. ब्रिटनमध्ये १९३० ते १९७९ या काळात अशाच शस्त्रक्रिया झालेल्या ७८६ स्त्रियांचा सरासरी तीस वर्षांचा मागोवा घेण्यात आला तेव्हाही एकूण मृत्युसंख्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाली नाही. मात्र ज्या मृत्यूंच्या दाखल्यावर मधुमेहाचा उल्लेख होता त्यांची संख्या अपेक्षेच्या तिपटीहून अधिक होती. गोटेबर्ग येथेच दुसऱ्या एका गटाचा चोवीस वर्षे पाठपुरावा झाला आणि त्यात पन्नाशी गाठलेल्या पीसीओएसग्रस्त स्त्रियांपैकी १९ टक्क्यांना, तर इतरांपैकी अवघ्या एका टक्क्याला मधुमेह आढळला. आणि कोणाला झाला, कोणाला नाही, याचा भेद मुख्यतः लठ्ठपणाने आणि पोटावरच्या मेदाने ठरविला होता. एवढा सारा पुरावा तोलूनच २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी पीसीओएस असलेल्या स्त्रीला हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाढीव धोका आहे असे धरून चालावे, असा निर्णय दिला आहे. भीती घालणारे सातपटीचे गणित टिकले नाही; दक्षतेची गरज टिकली.

आणि गोटेबर्गची स्त्री म्हणजे आपल्याकडची स्त्री नव्हे, हेही विसरून चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या देहयष्टीविषयी जे दाखवून दिले आहे त्याचे महत्त्व येथे फार आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले. दोघांचा देहभारांक (बीएमआय) अगदी सारखा, २२.३, दोघेही पाहणाऱ्याला सडपातळच वाटावेत असे, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात मेद असा लपून राहतो, आणि तो बहुधा पोटात राहतो. म्हणूनच आपल्या लोकांसाठी देहभारांकाची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ धरली जाते आणि स्त्रियांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. स्वीडिश स्त्रीला मधुमेहापर्यंत जाण्यासाठी जितका मेद साठवावा लागतो त्याहून कितीतरी कमी मेदावर आपल्या स्त्रीला मधुमेह होतो, आणि तोही अधिक तरुणपणी. ‘मी तर बारीक आहे’ या भरवशावर राहिलेल्या पीसीओएसच्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तो भरवसा फोल आहे.

मधुमेह आणि रक्तदाब हळूहळू पोखरतात. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मात्र वेळीच खूण दाखवितो, आणि ती खूण ओळखली तर जीव वाचतो. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. दर महिन्याला बीज फुटले की पाठोपाठ प्रोजेस्टेरॉन येते आणि इस्ट्रोजेनने वाढविलेल्या अस्तराला आवर घालते. बीजच फुटले नाही तर हा आवर येत नाही, आणि अस्तर महिनोन्‌महिने वाढत राहते. तरुणपणी वर्षानुवर्षे ज्यांची पाळी अशी तुंबत आली त्यांच्यात अस्तराच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या काही पटींनी अधिक असतो, जरी मुळात तो रोग त्या वयात विरळ असल्यामुळे प्रत्यक्ष संख्या थोडीच राहते. पाळी गेल्यावर हा धोका मिटावा असे वाटेल. परंतु अंगातील मेद हाही एक प्रकारे संप्रेरकांचा कारखानाच असतो. पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर मेदात होते, आणि जिच्यापाशी दोन्ही गोष्टी मुबलक आहेत तिच्या गर्भाशयाला साठीतही इस्ट्रोजेन मिळत राहते, प्रोजेस्टेरॉन मात्र मुळीच नाही.

पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर अंगावरून पुन्हा लाल गेले, एखादाच डाग दिसला तरी, ते कधीही स्वाभाविक समजू नये. आपल्याकडे पुष्कळ बायका ‘पाळी परत आली’ असे म्हणून, थोड्या संकोचाने आणि कधी थोड्या समाधानानेही, गप्प राहतात. नातवंडे खेळविणाऱ्या बाईने असल्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे कसे जावे, हीही एक अडचण असतेच. अस्तराचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नव्वद जणींना असा रक्तस्राव झालेला असतो, आणि असा रक्तस्राव होणाऱ्या शंभर जणींपैकी सुमारे नऊ जणींना हा कर्करोग निघतो. म्हणजे बहुतेकींची भीती निराधार ठरते, आणि उरलेल्यांचा रोग बहुधा गर्भाशयाच्या आतच असताना हाती लागतो, जेव्हा शस्त्रक्रियेने तो समूळ काढता येतो. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी चार मिलिमीटरपर्यंतच असेल तर कर्करोगाची शक्यता अत्यल्प. त्याहून अधिक असल्यास किंवा स्राव पुन्हा पुन्हा होत असल्यास अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा लागतो. स्तनांच्या कर्करोगाचा धोका पीसीओएसमुळे वाढतो असे दिसून आलेले नाही, हे येथेच सांगून टाकतो, कारण त्या भीतीने व्याकूळ झालेल्या स्त्रिया अनेक असतात.

यकृतात मेद साठणे आणि झोपेत श्वास अडखळणे या दोन गोष्टी पीसीओएसमध्ये अधिक आढळतात आणि रजोनिवृत्तीनंतर त्यांना आणखी बळ मिळते. घोरणे हे पुरुषांचे लक्षण मानले गेल्यामुळे बाई मोठ्याने घोरते, रात्री दचकून उठते, दिवसा पेंगते, याचा घरात उल्लेखही होत नाही. वस्तुतः त्याचा रक्तदाबाशी जवळचा संबंध आहे. मनाच्या उदासीनतेचे आणि चिंतेचे प्रमाणही या स्त्रियांत जास्त असते, आणि चेहऱ्यावरच्या केसांनी, वंध्यत्वाच्या टोमण्यांनी ज्यांचे तारुण्य पोळले त्यांच्या बाबतीत त्याचे नवल वाटत नाही. अमेरिकेतील चार शहरांत १९८५-८६ पासून चाललेल्या एका दीर्घ पाहणीतून २०२४ साली असेही पुढे आले की, तीस वर्षांनंतर पन्नाशी ओलांडलेल्या पीसीओएसच्या स्त्रियांना स्मरण आणि अवधान यांच्या चाचण्यांत इतरांपेक्षा कमी गुण पडले. त्या पाहणीतील ९०७ स्त्रियांपैकी पीसीओएसच्या सहासष्टच होत्या, आणि या एका निष्कर्षावरून स्मृतिभ्रंशाची भीती घालणे अन्यायाचे होईल. प्रश्न उपस्थित झाला आहे, एवढेच तूर्त म्हणता येते.

एक बारकावा मात्र प्रत्येक स्त्रीने लक्षात ठेवावा असा आहे. पीसीओएसमुळे येणारे केस तरुणपणापासून असतात आणि सावकाश वाढतात. पाळी गेल्यावर हनुवटीवर दोन-चार राठ केस येणे हेही पुष्कळ स्त्रियांच्या वाट्याला येते. परंतु साठीतील एखाद्या बाईच्या चेहऱ्यावर चार-सहा महिन्यांत झपाट्याने दाढी उगवू लागली, आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस पुरुषांसारखे मागे हटले, तर ते जुन्या पीसीओएसच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. बीजांडकोशातील किंवा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतील पुरुषी संप्रेरके निर्माण करणारी गाठ त्यामागे असू शकते, आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉनची तपासणी तातडीने करून घ्यावी लागते. चिमट्याने केस उपटून ही तक्रार लपविण्यात जे महिने जातात ते महिने मोलाचे असतात.

मग पाळी गेलेल्या स्त्रीचा पीसीओएस ओळखावा कसा? २०२३ सालच्या सूत्रांचे उत्तर मला फार सरळ वाटते: तिला विचारावे. प्रजननक्षम वयात पाळी दीर्घकाळ अनियमित होती का, म्हणजे पस्तीस दिवसांहून अधिक अंतराने किंवा वर्षात आठापेक्षा कमी वेळा येत होती का. अंगावर किंवा चेहऱ्यावर केस, जुनाट पुरळ ही लक्षणे तेव्हा होती का. सोनोग्राफी झाली असल्यास तिचा कागद कोठे आहे. हे जुळले तर विकार आजही आहे असे धरावे. त्यानंतर रक्तदाब दर वर्षी, रक्तातील चरबीची तपासणी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने, आणि साखर एक ते तीन वर्षांनी तपासावी. साखरेच्या बाबतीत उपाशीपोटीच्या एका आकड्यावर विसंबू नये, कारण या विकारात जेवणानंतरची साखर आधी बिघडते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली चाचणी अधिक विश्वासार्ह असते. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून ओळखली जाणारी एचबीएवनसी ही तपासणी सोयीची खरी, पण अंगात रक्त कमी असेल तर ती फसवू शकते, आणि आपल्या स्त्रियांत रक्ताची कमतरता किती आहे हे वेगळे सांगायला नको.

उतारवयात आता काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांसाठी एक पुरावा देतो. अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या प्रयोगात, मधुमेहाच्या काठावर असलेल्यांनी आहार सांभाळून आणि रोज सुमारे अर्धा तास चालून वजन थोडे उतरविले तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आणि साठी ओलांडलेल्यांत ते ७१ टक्क्यांनी घटले. तो प्रयोग पीसीओएसपुरता नव्हता, पण पेशींचा जो बधिरपणा तो हटवीत होता तो हाच. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या तशाच प्रयोगात घट तुलनेने कमी, २८.५ टक्के, झाली. मेटफॉर्मिन या औषधाने २६.४ टक्के. आपल्या देहाशी झुंज अधिक चिवट आहे एवढेच त्यातून निष्पन्न होते, आणि म्हणून ती लवकर सुरू करावी लागते. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी संप्रेरकांचे उपचार घेण्यास पीसीओएसची म्हणून आडकाठी नसते. गर्भाशय जागेवर असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवेच, हा नियम तेवढा येथे दुप्पट कसोशीने पाळावा.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी मुंबईतील पंधरा ते चोवीस वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; रॉटरडॅमच्या कसोटीने त्यांतील २२.५ टक्के मुलींना पीसीओएस होता, अधिक कडक कसोटीने १०.७ टक्के. त्यांतील वयाने मोठ्या मुली आज चाळिशीकडे झुकल्या आहेत, आणि त्यांच्यापाशी निदान आहे, सोनोग्राफीचे कागद आहेत. त्यांच्या आयांपाशी ते नाहीत. हा विकार घराण्यातून येतो. पीसीओएस असलेल्या मुलींच्या आयांमध्येही रक्तातील चरबीचे आणि पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढलेले असते असे अभ्यासांत दिसून आले आहे. मुलीला घेऊन दवाखान्यात आलेली आई बहुधा पन्नाशीची असते, पाळी गेलेली किंवा जाऊ घातलेली. डॉक्टर मुलीशी बोलत असताना ती बाजूच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली असते, आणि ‘माझीही पाळी अशीच होती, डॉक्टर’ असे मध्येच एकदा सांगूनही जाते. त्याच वेळी तिचा रक्तदाब घ्यावा, कमरेला फीत लावावी, आणि मुलीच्या रक्ताच्या चिठ्ठीबरोबर तिच्या नावाचीही एक चिठ्ठी फाडावी.